कै. नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट : अल्प चरित्र

ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे अल्प चरित्र दर वर्षी या स्मरणिकेतून सभासद कुटुंबांपुढे ठेवावयाचे, असा आमचा प्रघात आहे. यंदा कोणाचे चरित्र घ्यावे याचा विचार करीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. कै. नाना शंकरशेट यांचे नाव आपल्या घराघरांत सर्वांस ठाऊक आहे. समारंभात त्यांच्या तसबिरीस हार घातला जातो, परंतु त्यांनी नेमके काय केले असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारले, तर पहिल्या आगगाडीपलीकडे आपणांपैकी फारच थोड्यांस काही सांगता येईल. म्हणून हा प्रयत्न.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर खांदेरी-उंदेरी दिसतात आणि उत्तरेस, पाण्यापलीकडे, मुंबई. या किनाऱ्यावरील गावांतून आपल्या ज्ञातीचे कितीतरी कारागीर सांडशी, हातोडी, फुंकणी आणि बागेसरी घेऊन पडावाने, मचव्याने व पुढे आगबोटीने मुंबईस गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांच्याही पुष्कळ आधी, अठराव्या शतकात, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे मुरकुटे घराणे असेच मुंबईस गेले. त्या घराण्याचे एक पूर्वज गणबाशेट यांच्या नावावरून कोटातील एका रस्त्यास गनबो स्ट्रीट हे नाव पडले असे मानतात. हेच नानांचे घराणे.

नानांच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी त्यांच्या जन्माआधीची एक गोष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. ती कटू आहे, आणि आपल्या समारंभांतील भाषणांत ती सहसा कोणी काढीत नाही. १७७९ साली पुणे दरबाराच्या तक्रारीवरून कंपनी सरकारच्या मुंबई येथील कौन्सिलाने सोनार ज्ञातीच्या शेट्यांस एक हुकूम कळविला. सोनारांनी परस्परांस अभिवादन करताना नमस्कार हा शब्द उच्चारू नये, असा तो हुकूम होता. कोणी कोणास कोणत्या शब्दाने वंदन करावे, हे एका व्यापारी कंपनीच्या चिटणिसाने कागदावर लिहून ठरवावे, आणि तेही आपल्याच देशबांधवांच्या आग्रहावरून, ही त्या काळची स्थिती होती. आमच्या वाडवडिलांनी हा अपमान कसा गिळला असेल, याची कल्पना आजच्या पिढीस येणे कठीण आहे. या हुकुमानंतर अवघ्या २४ वर्षांनी, १० फेब्रुवारी १८०३ रोजी, त्याच ज्ञातीत नानांचा जन्म झाला. पुढे गव्हर्नरापासून गिरगावातील पाठारापर्यंत सारी मुंबई ज्यांस आदराने वंदन करू लागली, ते हे गृहस्थ.

नाना आठ दिवसांचेही झाले नव्हते, तोच १७ फेब्रुवारी रोजी मुंबईच्या कोटात मोठी आग लागून बाजाराचा बराच भाग भस्मसात झाला. त्यानंतर कोटाबाहेर वस्ती वाढू लागली व गिरगावाचे माहात्म्यही वाढले. नानांचे वडील शंकरशेट बाबुलशेट हे मोठे सावकार व व्यापारी होते. त्यांनी मुलास घरीच शिक्षक ठेवून शिकविले, इंग्रजीही शिकविले. १८२२ साली शंकरशेट निवर्तले, तेव्हा नाना अवघे १९ वर्षांचे होते. त्या वयात पेढी, जमीनजुमला, देवस्थाने आणि कुटुंबाचा सारा परिवार यांचा भार त्यांच्यावर आला. श्रीमंताचे तरुण पुत्र वडिलांच्या पश्चात काय करतात, याची उदाहरणे प्रत्येक गावी असतात. नानांनी पेढी राखली, इतकेच नव्हे तर तिची पत अशी वाढविली की अरब, अफगाण व इतर परदेशी व्यापारी आपले द्रव्य बँकांपेक्षा नानांच्या हवाली करणे पसंत करीत. सोन्याचा कस लावणाऱ्या ज्ञातीत जन्मलेल्या माणसास याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

घराण्याची भवानीशंकर आणि श्रीराम ही देवालये आज ज्यास नाना चौक म्हणतात त्याच्या परिसरात आहेत. भवानीशंकर या नावात वडिलांचेही नाव आले आहे. नाना धर्मनिष्ठ होते, हे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या सर्वांनी एकमुखाने मान्य केले आहे. इंग्रजांशी रोजचा संबंध आला, मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या मंडळांत बसावे लागले, तरी पोशाख, आचार व उपासना यांत त्यांनी पालट केला नाही. याचा अर्थ जुने ते सर्व त्यांस पवित्र वाटे, असा मात्र नव्हे. सती जाण्याची चाल बंद करणाऱ्या कायद्यास त्यांनी पाठिंबा दिला. ज्या माणसाच्या घरी नित्य पूजाअर्चा चाले, त्याने ही चाल धर्म नव्हे असे मानले, हे ध्यानात घ्यावे.

त्यांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ शिक्षणापासून झाला, आणि आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा गाभाही तोच आहे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे गव्हर्नर असता एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी व शालेय पुस्तकांसाठी मुंबईत जी सोसायटी निघाली, तिचे नाना हे तरुणपणापासून आधारस्तंभ होते. एल्फिन्स्टनसाहेब १८२७ साली स्वदेशी परत निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ नुसता पुतळा किंवा मानपत्र न देता शिक्षणासाठी निधी उभारावा असे ठरले, आणि दोन लाखांवर रुपये जमले. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. त्या विद्यालयाने महाराष्ट्रास काय दिले, हे सांगण्यास दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी, न्यायमूर्ती रानडे ही तीन नावे पुरेत.

१८४० हे साल आपल्या थळ-अलिबागकडील वाचकांस विशेष महत्त्वाचे वाटेल. त्या वर्षी आंग्र्यांची कुलाब्याची गादी संपुष्टात येऊन हा किनारा कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या शिक्षणाची व्यवस्था पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले आणि त्यात तीन एतद्देशीय सभासद घेण्यात आले : नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. म्हणजे इकडील मुलखाचे राज्य गेले ते ज्यांच्या हाती गेले, त्यांच्या शिक्षणखात्याच्या बैठकीत एक मराठी माणूस बसलेला होता, आणि तो आपल्या ज्ञातीचा होता.

त्या बैठकीत पुढे मोठा वाद माजला. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च न्यायासनावरील विद्वान गृहस्थ होते. सरकारजवळ पैसा थोडा, यास्तव तो थोड्या निवडक लोकांस उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यात खर्चावा, असे त्यांचे मत होते. नानांचे मत याच्या उलट होते. सामान्य जनतेस ज्ञान मिळावयाचे तर ते तिच्या मातृभाषेतूनच मिळाले पाहिजे, इंग्रजीतील विद्या मराठीत उतरविली पाहिजे, असा पक्ष त्यांनी १८४७ च्या सुमारास लेखी मांडला. कर्नल जर्व्हिस हे त्यांच्या बाजूस होते. गणिताची पुस्तके मराठीत आणण्याचे काम याच जर्व्हिससाहेबांनी पूर्वी केले होते. येथे एक गोष्ट वाचकांनी पाहावी. नाना इंग्रजी उत्तम जाणत. इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांचे महत्त्व वाढल्याने त्यांचे स्वतःचे काहीच बिघडणार नव्हते, उलट वाढलेच असते. तरीही सरन्यायाधीशाच्या पदावर चढलेल्या अध्यक्षासमोर त्यांनी खेड्यातील मुलाची बाजू धरली. तत्काळ त्यांचा जय झाला नाही. परंतु १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यात उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि सर्वसाधारण जनतेचे शिक्षण देशी भाषांतून, हे तत्त्व मान्य झाले. आपल्या किनाऱ्यावरील मराठी शाळांत ज्या पिढ्या शिकल्या, त्यांच्यावर या वादाचे ऋण आहे.

आता मुलींच्या शाळेविषयी. हा भाग आम्ही मुद्दाम थोडा विस्ताराने सांगत आहो. एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुण विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी १८४८ साली एक सभा स्थापन केली आणि पुढल्या वर्षी, १८४९ साली, मुलींच्या शाळा काढल्या. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी असेच कार्य आरंभिले होते व त्याबद्दल त्यांस काय सोसावे लागले, ते सर्वश्रुत आहे. मुंबईतही लोकमत काही निराळे नव्हते. मुलगी अक्षर शिकली की तिच्या नवऱ्याचे आयुष्य घटते, असे मानणारी घरे थोडी नव्हती. मराठी शाळांत आरंभी अवघ्या २४ मुली आल्या. तरुणांजवळ उत्साह होता, परंतु जागा नव्हती आणि मुख्य म्हणजे लोकांचा विश्वास नव्हता. पोरेसोरे काहीतरी इंग्रजी खूळ काढीत आहेत, असे म्हणून आईबापांनी पाठ फिरवली असती.

अशा वेळी नानांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. ज्या घरातील देवधर्माविषयी कोणास शंका नव्हती, त्याच घराच्या आवारात मुली पाटी घेऊन बसू लागल्या. सुधारकाने हजार व्याख्याने दिली असती तरी जे झाले नसते, ते या एका गोष्टीने झाले. मुलीस शाळेत धाडणे म्हणजे धर्म बुडविणे, असे आता म्हणावयाचे कसे? नानांचा धर्म तर बुडालेला दिसत नव्हता! ही शाळा पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आमच्या ज्ञातीतील कित्येक घरांत आजी-पणजीच्या काळापासून स्त्रिया पोथी वाचीत आल्या. त्या वाचनाची वाट कोणाच्या अंगणातून निघाली, हे त्या घरांतील लेकी-सुनांनी जाणून घ्यावे.

तथापि चरित्र लिहावयाचे तर उणे बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळच्या सरकारी व लोकाश्रित शाळांचे दरवाजे ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांच्या मुलांस उघडे नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलास सरकारनेच नकार दिला. ही भिंत पाडण्याचे काम जोतीराव फुले यांच्यासारख्यांनी केले. नानांच्या कार्यात ते आढळत नाही. नमस्काराच्या हुकुमाचा डाग ज्या ज्ञातीने सोसला होता, तिच्या धुरीणास हा दुसरा अन्याय अधिक दिसावयास हवा होता, असे आज आम्हांस वाटते. दीडशेहून अधिक वर्षांनी, सुरक्षित बसून, असे लिहिणे सोपे आहे हेही आम्ही जाणतो. असो.

धर्माच्या बाबतीत नाना सरकारशी ठामपणे वाद घालीत, याचे ठळक उदाहरण सोनापूरच्या स्मशानाचे. गिरगावानजीक समुद्राच्या बाजूस असलेले हे स्मशान वस्ती वाढल्यामुळे उठवून शिवडीस न्यावे, असा सरकारचा विचार होता. आरोग्याच्या दृष्टीने सरकारचे म्हणणे अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याच्या घरी मृत्यू घडला आहे त्याच्या बाजूने पाहावे. त्या काळी प्रेत खांद्यावरून न्यावयाचे. वाहन नाही, रस्ते कच्चे. श्रावणातील धो धो पावसात चार-दोन आप्तांनी गिरगावाहून अगर भुलेश्वराहून शिवडीपर्यंत तिरडी न्यावयाची म्हणजे काय? श्रीमंतास माणसे मिळतील. गरिबाने काय करावे? नानांनी या प्रश्नात लक्ष घातले व स्मशान हलविण्याचा बेत रद्द करविला. चंदनवाडीची स्मशानभूमी आजही त्याच परिसरात आहे. मुंबईत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी बहुतेकांस कधी ना कधी तेथे जावे लागले असेल. अशा ठिकाणी उपकारकर्त्याचे नाव कोणी आठवीत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे.

आगगाडीची हकिगत बहुतेकांस ठाऊक असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह नानांनी हिंदुस्थानात लोहमार्ग व्हावा म्हणून संस्था उभारली, पुढे जी. आय. पी. रेल्वे कंपनी झाली, तिच्या मुंबईतील कारभारातही ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुणे घेऊन २१ मैलांवरील ठाण्यास गेली. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणास पोचले. म्हणजे मुरकुटे घराण्याचे मुरबाड जवळ आले. किनाऱ्यावर आगबोटी चालविणारी जी कंपनी १८४५ च्या सुमारास निघाली, तिच्या स्थापनेतही नानांचा हात होता. आमच्या थळ-रेवसकडील मंडळींस आगगाडीपेक्षा हीच गोष्ट अधिक जवळची वाटेल, कारण आपल्या आजोबा-पणजोबांची मुंबई बोटीच्या शिट्टीपासून सुरू होत असे.

राजकारणात २६ ऑगस्ट १८५२ हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हिंदू, पारशी, मुसलमान असे सर्व जातिधर्मांचे नागरिक एकत्र बसून सरकारपुढे लोकांची गाऱ्हाणी मांडू लागले. अध्यक्षपदी नाना होते. भाऊ दाजी, दादाभाई, नवरोजी फर्दुनजी ही तरुण मंडळी त्यांच्याबरोबर होती. असोसिएशनने इंग्लंडच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला आणि राज्यकारभारात येथील लोकांस स्थान मागितले. राष्ट्रसभा स्थापन होण्यास त्या वेळी ३३ वर्षांचा अवकाश होता.

मग १८५७ साल उजाडले. मुंबईतील पलटणीत कट सापडल्यावरून ऐन दिवाळीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबर रोजी, दोन शिपायांस एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. शहरात कोणाचा कोणावर भरवसा राहिला नाही. त्या संशयाच्या वावटळीत नानांचेही नाव गोवले गेले. बंडवाल्यांशी त्यांचा संबंध असल्याची कुजबूज अधिकाऱ्यांच्या कानी गेली व चौकशी झाली. पुरावा काहीच न मिळाल्यामुळे ते त्यातून मुक्त झाले. आज कोणी नानांस इंग्रजांचे स्नेही म्हणून दूषण देतात, तर कोणी गुप्त क्रांतिकारक म्हणून भूषण देऊ पाहतात. आम्हांस दोन्ही अतिशयोक्त वाटतात. ज्या सरकारच्या मंडळांत त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे विनामोबदला काम केले, त्या सरकारने एका कुजबुजीवरून त्यांच्यावर संशय घ्यावा, एवढे मात्र खरे घडले. पेढी, घर, देवालये, सारे एका क्षणात धुळीस मिळण्याचा तो प्रसंग होता. त्यानंतरही नानांनी सार्वजनिक काम सोडून घरी बसणे पत्करले नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या फेलोंत त्यांची गणना होती, आणि १८६२ साली इलाख्याच्या कायदे कौन्सिलात ते नामदार म्हणून गेले.

याखेरीज कितीतरी कामे आहेत. ग्रँट रोडवर १८४६ साली त्यांच्या जागेवर नाटकगृह झाले; विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ साली मुंबईकरांस मराठी नाटक दाखविले ते याच ठिकाणी. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी, ज्यास आता डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, त्यांनी भाऊ दाजी व डॉ. बर्डवुड यांच्यासह खटपट केली. १८६२ च्या नोव्हेंबरात त्याची कोनशिला बसली. ती इमारत १८७२ साली लोकांस खुली झाली, ते पाहण्यास नाना नव्हते.

नानांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईस पैशाचे वेड लागले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसास अतोनात भाव आला, रोज नव्या कंपन्या निघू लागल्या व शेअरांच्या सट्ट्यात शहाणीसुरती माणसेही सापडली. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा हिशेब चुकते करण्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईतील कित्येक नामांकित घराणी बुडाली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै रोजी, नानांनी देह ठेवला. त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. ज्या शहराच्या उभारणीत त्यांची चाळीस वर्षे गेली, ते त्या वेळी दिवाळखोरीच्या धक्क्याने सुन्न झालेले होते.

त्यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्थानकास त्यांचे नाव देण्याचा प्रस्ताव संमत केला. नानांचे चिरंजीव विनायकराव यांनी मात्र वडिलांच्या स्मरणार्थ निराळीच गोष्ट केली. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात श्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ठेवली. ज्यांस नमस्कार या संस्कृत शब्दाचा उच्चार मना केला होता, त्या ज्ञातीच्या पैशाने संस्कृतातील पहिल्या विद्यार्थ्याचा सत्कार होऊ लागला. आणि तो विद्यार्थी कोणत्या जातीचा, हे पाहण्याची अट तीत नव्हती. १९१२ साली हा मान आपल्याच कुलाबा जिल्ह्यातील, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या आणि रोह्यास वाढलेल्या एका मुलाने मिळविला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्याचे नाव. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले व पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री.